मेपलच्या चिठ्ठीखालचं पान

मी कॉलेजात शिकवत नव्हतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या गल्लीत लोक मला 'सर' म्हणतात आणि मीही दरवेळी दुरुस्त करत बसत नाही. मी वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो, चौतीस वर्षं. प्राध्यापक बदलले, अभ्यासक्रम बदलला, वार्षिक परीक्षा जाऊन सेमिस्टर आलं, मी मात्र त्याच फॉर्मॅलिनच्या वासात बसून राहिलो. निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली, आता कुठं तुमच्या शर्टाला माणसाचा वास येतो.

परिचर म्हणजे काचेची भांडी धुणारा, असं बाहेरच्यांना वाटतं. भांडी धुवावी लागतातच. पण आमचं खरं काम निराळं आहे. पुस्तकात ज्या वनस्पती छापलेल्या असतात, त्या परीक्षेच्या दिवशी टेबलावर हजर करायच्या. प्राध्यापक कागदावर यादी लिहून देतात आणि घरी जातात. ती यादी खिशात घालून तलाव, धानाच्या बांध्या, विहिरी, रेल्वेलाइनच्या बाजूचे नाले आणि जंगल परिचर पालथं घालतो. मिळालेला माल ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून आणायचा, म्हणजे सुकत नाही. माझ्या डब्यात भाजीपेक्षा शेवाळ जास्त वेळा गेलं आहे, आणि घरच्यांनी तो डबा कधीच वेगळा काढून ठेवला होता.

यादीत पहिलं नाव नेहमी लिव्हरवर्टचं. ओल्या जमिनीला चिकटून वाढणारी, नखाएवढी हिरवी पापडी. तिला खरं मूळ नाही, खोड नाही, फूल नाही, बी नाही. जुन्या काळी कोणाला तरी ती कलेजीच्या तुकड्यासारखी दिसली म्हणून तिला हे नाव पडलं. आमच्याकडे लोक तिला सरसकट शेवाळ म्हणतात आणि तिच्यावरून घसरून पडतात. पावसाळ्यात धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, ती पायलीला पन्नास मिळते. पण परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा धुरे तडकलेले असतात आणि लिव्हरवर्ट शोधून सापडत नाही.

एकदा मी एका शेताच्या धुऱ्यावर उकिडवा बसून चाकूनं माती खरवडत होतो. शेताचा मालक मागं येऊन कधी उभा राहिला ते कळलं नाही. त्याला जादूटोण्याचा संशय आला होता, हे त्याच्या हातातल्या तुतारीवरून, म्हणजे बैल हाकायच्या काठीवरून, मला कळलं. मी घाईघाईनं परीक्षेचं सांगितलं, भिंग हातात दिलं. त्यानं बराच वेळ बघितलं. हे माणूस खातो का, ढोरं खातात का, औषधाला लागतं का, असं एकेक विचारलं. मी सगळ्याला नाही म्हणालो. मग तो म्हणाला, "मंग याची परीक्षा कायले घेता जी?" मी परत येऊन हे विभागप्रमुखांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. विभागप्रमुखांना सगळं कॉलेज नुसतं 'सर' म्हणायचं, मीही इथं तसंच म्हणतो.

सर विद्वान होते, शिस्तीचे होते आणि मनानं वाईट नव्हते. त्यांच्या एका नातेवाइकानं कॅनडातून त्यांना एक शीट पाठवली होती. शीट म्हणजे जाड पांढरा कागद. त्यावर दाबून सुकवलेली फांदी किंवा पान चिकटवतात आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. झाडाचं नाव, कुठं मिळालं, कोणी गोळा केलं, तारीख, एवढं चिठ्ठीवर असतं. ही शीट मेपलची होती. लालसर पडलेलं एक पान, पंज्यासारखं पसरलेलं, आणि त्याच्याखाली पंख असलेली दोन फळं. गोंदियात मेपल कोणी पाहिलेलं नव्हतं. सरांना त्या शीटचं फार कौतुक. दरवर्षी तृतीय वर्षाच्या प्रॅक्टिकलला ते एक प्रश्न हमखास घालायचे. एका बाजूला जिवंत लिव्हरवर्ट, दुसऱ्या बाजूला मेपलची शीट, आणि मध्ये प्रश्नाची पट्टी: 'दिलेल्या दोन वनस्पती ओळखा व त्यांची तुलना करा.'

उत्तर मलाही पाठ झालं होतं. दोन्ही हिरव्या, दोन्ही उन्हावर आपलं अन्न तयार करतात, एवढं साम्य. पुढं सगळा फरक. मेपलच्या अंगात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या असतात, म्हणून ते घरापेक्षा उंच जातं. लिव्हरवर्टला नळ्या नाहीत, म्हणून ती जमीन सोडू शकत नाही. तिचा वंश वाढायला पाण्याचा थर लागतो, नर पेशी पोहत जाते. मेपलला ते लागत नाही, त्याचं बी पंखावर बसून वाऱ्यानं जातं. पोरं हे घोकून यायची आणि उतरवून जायची. मी मनातून लिव्हरवर्टच्या बाजूचा होतो, कारण मेपल कपाटात बसून असायचं आणि लिव्हरवर्टसाठी मलाच चिखलात जावं लागायचं.

आता जे सांगायचं आहे त्याला येतो.

माझी नोकरी तेव्हा नवी होती, कायम झालो नव्हतो. कपाटात शीटांच्या गठ्ठ्यांमध्ये डांबर गोळ्या टाकणं माझ्याकडे होतं. त्या वर्षी पावसाळ्यानंतर मी गोळ्या बदलल्याच नाहीत. आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं. दिवाळीच्या सुट्टीत कुंड्यांना पाणी घालायला कॉलेजात गेलो, सहज कपाट उघडलं, आणि मेपलची शीट बाहेर काढली तर पानाच्या जागी भुसा. कसर लागली होती. देठ आणि दोन-चार शिरा शिल्लक होत्या. फळं कडक म्हणून वाचली होती, आणि चिठ्ठीला धक्का लागला नव्हता.

मी तिथंच खाली बसलो. सरांना काय सांगायचं? कायम करण्याचा प्रस्ताव त्यांच्याच सहीनं जाणार होता.

दोन दिवसांनी भाऊबीजेला बहिणीकडे कोहमाऱ्याला गेलो. माझ्या भाऊजींचा हमरस्त्याला ढाबा आहे, त्याच्या मागं जंगल सुरू होतं. सकाळी त्या बाजूला फिरायला गेलो आणि टेकाडावर कुलूचं झाड दिसलं. ज्यांनी कुलू पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: खडकाळ जागी वाढतं, साल पांढरी आणि गुळगुळीत, उन्हाळ्यात सगळी पानं गाळून उभं राहतं तेव्हा अंधारात माणूस दचकतो. त्याच्या खोडातून डिंक निघतो, पूर्वी लोक तो गोळा करून विकायचे. आणि त्याचं पान पंज्यासारखं, पाच टोकांचं असतं.

ते पान बघितलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. फांदीच्या शेंड्याचं लहानसं, पिवळं पडायला लागलेलं एक पान तोडलं. दहा दिवस वर्तमानपत्रात दाबून ठेवलं, रोज कागद बदलले, तेव्हा ते सुकून तांबूस झालं. मग मेपलचा भुसा चिमट्यानं उचलून टाकला आणि त्याच जागी, त्याच दोन फळांच्या वर, कुलूचं पान डिंकानं चिकटवलं. काम इतकं सफाईनं झालं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. हेही खरंच सांगतो.

सरांच्या लक्षात आलं नाही. परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्याही लक्षात आलं नाही. पहिल्या वर्षी परीक्षा संपेपर्यंत मी त्या टेबलाजवळून हललो नाही, दुसऱ्या वर्षी लांबून नजर ठेवली, आणि पाच-सहा वर्षांनी मीच विसरून गेलो. शीट हातात आली की लोक आधी चिठ्ठी वाचतात आणि मग पानाकडे नजर टाकतात. बारा वर्षं आमच्या कॉलेजातल्या प्रत्येक मुला-मुलीनं कोहमाऱ्याच्या कुलूचं पान जर्नलमध्ये काढलं, खाली 'मेपल' लिहिलं, आणि सरांनी त्यावर लाल शाईनं बरोबरची खूण केली. मी कायम झालो होतो. घर बांधलं होतं.

बाराव्या वर्षी करुणा तृतीय वर्षाला होती.

करुणा सौंदडची. रोज सकाळच्या गाडीनं गोंदियाला यायची. आई धानाच्या रोवणीला आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पानं तोडायला जायची. वडील लहानपणीच वारलेले. घरात कॉलेजपर्यंत आलेली ती पहिलीच. मुलगी कमी बोलायची, पण जे दिसेल ते हातात घेऊन बघायची. बाकीची पोरं मला 'मामा' म्हणायची, ही 'काकाजी' म्हणायची. प्रॅक्टिकल संपल्यावर मागं थांबून ती भांडी पुसू लागायची. मी नको म्हटलं तरी ऐकायची नाही, आणि त्या बदल्यात मला प्रश्न विचारायची. तिला नागपूरला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं आणि प्राध्यापक व्हायचं होतं. त्यासाठी प्रथम श्रेणी लागणार होती, तिच्याशिवाय प्रवेशही नाही आणि वसतिगृहही नाही. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिच्या मार्कांचा हिशेब मला माझ्या मुलांपेक्षा जास्त माहीत होता.

लिव्हरवर्ट मी मागच्या नळाखाली कुंड्यांमध्ये सांभाळून ठेवायचो, परीक्षेपर्यंत जिवंत राहावी म्हणून. त्या वर्षी परीक्षेच्या चार दिवस आधी कॉलेजात तपासणी समिती येणार होती, आणि नव्या सफाई कामगारानं सगळा मागचा भाग घासून लख्ख केला. मला अभिमानानं दाखवायला घेऊन गेला. म्हणाला, "साब, कितनी काई जमी थी गमलों पे. पूरी ब्लीचिंग डाल के साफ कर दी." बिचाऱ्याला काय बोलणार? मी शाबास म्हणालो आणि लॅबमध्ये येऊन डोकं धरून बसलो. मार्चमध्ये लिव्हरवर्ट कुठून आणायची?

करुणानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीतून उतरून सरळ लॅबमध्ये आली आणि टेबलावर पितळेचा डबा ठेवला. आत ओल्या फडक्यात ताजी, हिरवीगार लिव्हरवर्ट. सौंदडला उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या एका बोअरवेलच्या हौदामागं, जिथं ऊन कधीच पोचत नाही, तिथं तिला ती माहीत होती. पहाटे जाऊन खरवडून आणली होती. तिनं ती आणली नसती तर त्या वर्षी परीक्षेतला तो प्रश्नच झाला नसता. 

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. भले गृहस्थ, पाण्यातल्या शेवाळांचे तज्ज्ञ. मी टेबलं मांडली, नमुन्यांपुढं आकडे ठेवले. मेपलच्या शीटवरच्या चिठ्ठीवर नेहमीप्रमाणे कोरा कागद टाचला, नाव दिसू नये म्हणून. घंटा वाजवायचं काम माझंच. दर तीन मिनिटांनी घंटा वाजली की मुलं पुढच्या टेबलाकडे सरकतात. जर्नलसाठी सर ती शीट वर्गात लांबूनच दाखवायचे, म्हणून करुणा पहिल्यांदाच तिच्या इतकी जवळ आली. तिनं वाकून बघितलं. मग परीक्षेत कोणी करत नाही ते केलं: शीट उचलून उजेडाकडे धरली आणि पानाच्या कडेकडेनं बोट फिरवलं. मी घंटेवर हात ठेवून उभा होतो. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी घंटा वाजवली. तीन मिनिटं अजून पूर्ण व्हायची होती.

दुपारी तोंडी परीक्षेला तिला बोलावलं. परीक्षकांपुढं तिची उत्तरपत्रिका होती, शेजारी सर होते. मी दाराशी होतो. परीक्षकांनी विचारलं की दुसऱ्या नमुन्याचं नाव तुम्ही कुलू लिहिलंय, हे काय? ती म्हणाली, सर, हे कुलूचंच पान आहे. माझे आजोबा कुलूचा डिंक काढायचे, मी त्यांच्यासोबत जंगलात जायची. मेपलच्या पानाच्या कडेला दाते असतात, याला नाहीत. याच्या मागच्या बाजूला लव आहे, कडेला बोट लावलं की लागते.

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शीट मागवली, चिठ्ठीवरचा कागद काढला, परीक्षकांना चिठ्ठी दाखवली, खालची फळं दाखवली. परीक्षकांनी मान डोलावली, फळं तर मेपलचीच आहेत म्हणाले. ती तशी होतीच. करुणा तरीही म्हणाली, फळं असतील सर, पान नाही. तेव्हा सर माझ्याकडे वळले. ही शीट इतकी वर्षं तुमच्या ताब्यात आहे, तुम्हीच सांगा, पान मेपलचंच आहे ना?

नोकरी जायची भीती तेव्हा राहिली नव्हती. फार तर सर रागावले असते, एखादा मेमो आला असता. पण परक्या माणसासमोर बारा वर्षांची लबाडी स्वतःच्या तोंडानं काढायची? मला लाज वाटली. दुसरं काही नाही.

"हो सर," मी म्हणालो. "चिठ्ठी आहे ना त्याच्यावर."

 करुणाला जायला सांगितलं.

संध्याकाळी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोऱ्यानं बांधणं माझ्याकडे असायचं. मी तिची उत्तरपत्रिका उघडून वाचली. त्या प्रश्नावर आडवी रेघ आणि शून्य. नमुनाच चुकीचा ओळखला, तर पुढच्या तुलनेला गुण नाहीत, असा नियम. पण तिनं लिव्हरवर्टची तुलना कुलूशी केली होती, आणि नळ्या, मुळं, बी हे सगळं बरोबर लिहून झाल्यावर शेवटी एक साम्य लिहिलं होतं. ते कोणत्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. तिनं लिहिलं होतं की दोन्ही वनस्पती आमच्या भागातला उन्हाळा सारख्याच पद्धतीनं काढतात. लिव्हरवर्ट सुकून गुंडाळून पडून राहते, मेली असं वाटतं, आणि पाण्याचा थेंब पडला की पुन्हा उघडते. कुलू पानं टाकून उघडं उभं राहतं, मेलं असं वाटतं, आणि पुन्हा पालवतं. उंचीचा फरक आहे, पण वाट बघण्यात फरक नाही. बारा वर्षांत त्या प्रश्नाचं इतकं चांगलं उत्तर कोणी लिहिलं नव्हतं. मी ते परत घडी करून गठ्ठ्यात घातलं आणि दोरा बांधला.

आठ दिवसांनी ती डबा न्यायला आली. मी तो घासून-पुसून ठेवला होता. तिच्या हातात दिला. ती डबा घेऊन उगाच उभी राहिली. मी कुठल्याशा बाटल्या लावत बसलो. बऱ्याच वेळानं ती "येतो काकाजी" म्हणाली आणि गेली.

निकाल लागला तेव्हा तिची प्रथम श्रेणी चार गुणांनी गेली होती. तो प्रश्न दहा गुणांचा होता. लेखी पेपराची फेरतपासणी होते, प्रॅक्टिकलची होत नाही. तेव्हाही मी सरांकडे जाऊ शकलो असतो. गेलो नाही. पुढं सर निवृत्त झाले, नागपूरला गेले आणि तिथंच वारले. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. निरोप समारंभात एका प्राध्यापकानं भाषण केलं आणि म्हणाले, चौतीस वर्षांत यांच्या हातून एक नमुना इकडचा तिकडे झाला नाही. टाळ्या वाजल्या. मी हार घालून, नारळ घेऊन घरी आलो आणि मला दोन घास जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात मी सौंदडची गाडी पकडली.

करुणाची आई आता थकली आहे. दारात खाट टाकून बसली होती, भिंतीवर तथागतांचा फोटो. मी 'जय भीम' केला, नाव सांगितलं. ते कॉलेजवाले काका तुम्हीच का, तुमच्यासाठी पोरगी पहाटे उठून शेवाळ काढत होती, असं म्हणून तिनं मला चहा केल्याशिवाय सोडलं नाही. करुणा वनरक्षक झाली होती. कोहमाऱ्याच्या बाजूला तिची नेमणूक आहे, तिथंच सरकारी क्वार्टरमध्ये नवऱ्यासोबत राहते, असं आईकडून कळलं.

मी गेलो तेव्हा ती नुकतीच जंगलातून फिरून आली होती. खाकी कपडे, बुटांना लाल माती. मला बघून हसली, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी हातात तसंच धरून सगळं सांगितलं. कसर, भाऊबीज, टेकाडावरचं झाड, चिमटा, डिंक. परीक्षेच्या दिवशी मी काय बोललो आणि का बोललो. 

"मले माहीत होतं जी," ती शेवटी म्हणाली. "त्याच दिवशी समजलं. कॉलेजातून जंगलात जानारा मानूस एकच होता."

मी म्हणालो, मग तू तेव्हाच माझं नाव का घेतलं नाहीस?

"तुमचं नाव मी कायले घेऊ? ते तुमीच सांगाचं होतं." तिनं बुटाची नाडी सोडायला घेतली आणि खाली बघूनच बोलत राहिली. "साहेबाईसमोर मानूस भेते, ते मी समजून घेतलं. मंग आठ दिवसांनी डबा न्यायले आली. घरी दुसरा डबा होता. पन मले वाटलं, आता सर एकटेच केबिनमंदी बसून आहेत, आता तरी काकाजी उठतीन. मी किती वेळ उभी होती."

 मी हात जोडले तर तिनं ते खाली केले. तिला ही नोकरी आवडते, असं ती म्हणाली. जंगलात मन लागतं. पण आजही सौंदडच्या शाळेसमोरून जाताना आत फळ्यावर कोणी लिहीत असलं तर ती बघत नाही, हेही तिनं सांगितलं, आणि हे सांगताना तिचा आवाज आधीसारखाच होता.

मी निघायला उठलो. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. तिनं फाटकापर्यंत येऊन विचारलं, हे आणखी कोणाला सांगितलं का? मी म्हणालो, नाही, पहिल्यांदा तुलाच.

"मंग मलेच काऊन सांगून राहिले, काकाजी? मले तं माहीतच होतं. ज्याईले माहीत नाई, त्याईले सांगा ना."

तिथून बस धरून मी घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. विभागात आता एक तरुण मॅडम आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाट उघडून शीट काढली. अजून होती. मी म्हटलं, चिठ्ठी काढून टाकू या. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही इतकी वर्षं काम केलंत, तुम्हाला माहीत नाही का? जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते. चूक जिथं आहे तिथं राहू द्यायची आणि शेजारी नवी चिठ्ठी लावायची. मला माहीत होतं. पण मला ती डोळ्यांपुढून जायला हवी होती.

नवी चिठ्ठी मॅडमनी माझ्यापुढं ठेवली. मी माझ्या हातानं लिहिली. पान: कुलू. ठिकाण: कोहमाऱ्याचं जंगल. गोळा करणारा, इथं माझं नाव. शेवटी एक ओळ असते, वनस्पती कोणी ओळखली त्याची. तिथं करुणाचं पूर्ण नाव लिहिलं आणि तिच्या परीक्षेची तारीख टाकली.

हे ज्या अंकात छापलं जातंय तो गोंदिया जिल्ह्यात बऱ्याच घरी जातो, म्हणून हे इथं लिहिलं. आमच्या कॉलेजात त्या वर्षांत जे शिकले, त्यातले कोणी आज शिक्षक आहेत, कोणी प्राध्यापक आहेत, कोणाकोणाची जुनी जर्नल्स माळ्यावर असतील. त्यातलं मेपलचं पान मेपलचं नाही. तुम्हाला सगळ्यांना त्या प्रश्नाला गुण मिळाले. ज्या एका मुलीचं उत्तर बरोबर होतं, तिला शून्य मिळालं, आणि ते शून्य मी दिलं.